हंडा आणि परात : नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर दोन कायदे

पावसाळा लागला की नाशिकच्या बातम्यांत एक ओळ रोज दिसते: नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून अमुक हजार क्युसेक विसर्ग. ऑक्टोबर उजाडला की हेच नाव वेगळ्या सुरात ऐकू येतं. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावरून नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे. मोर्चे निघतात, याचिका दाखल होतात, बंदोबस्त लागतो. या गदारोळात एक गोष्ट मात्र सहसा कुणी बोलत नाही. ज्या बंधाऱ्यावरून हे पाणी पुढे जातं, त्याच्या मागचा जलाशय अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तीही हीच.

म्हणजे एकाच पाण्यावर दोन कायदे चालतात. एक म्हणतो, हे पाणी ठरल्याप्रमाणे पुढे गेलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, इथला प्रवाह परवान्याशिवाय अडवायचा नाही, वळवायचा नाही, वाढवायचाही नाही. दोन्ही कायदे लागू आहेत आणि दोन्हींमागे रास्त कारण आहे. मग दरवाजा उघडणाऱ्याने ऐकायचं कुणाचं?

आधी जागा पाहू

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांचा संगम होतो. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश अमदानीत दगडी बंधारा बांधला गेला. हेतू साधा होता: वरच्या धरणांतून सुटलेलं पाणी इथे थोपवायचं आणि कालव्यांत घालायचं. गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा इथूनच निघतात. पुढे वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही इथूनच निघाला. कोपरगाव-राहात्याकडचं बरंचसं बागायत याच पाण्यावर उभं राहिलं.

बंधारा म्हटला की मागे गाळ साचतोच. इथे तो शंभर वर्षं साचतोय. त्यामुळे पाणी उथळ होत गेलं, मध्ये बेटं तयार झाली, कडेने पाणगवत आणि झाडोरा वाढला. चापडगावच्या बाजूला हिवाळ्यातल्या सकाळी उभं राहिलात तर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकरी यांचे थवे दिसतात आणि काठाच्या चिखलात शेकाटे टुकूटुकू चालत असतात. लोक या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. 1986 मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी 2020 मध्ये 1,437 हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाल्याची घोषणा झाली. इथे 536 प्रजातींची नोंद आहे.

रामसर हे इराणमधलं एक शहर. 1971 मध्ये तिथे पाणथळ जागा जपण्यासाठी देशादेशांमध्ये करार झाला आणि भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला. पाणथळ म्हणजे जिथे जमीन आणि पाणी यांची हद्द ठाम नसते अशी जागा: दलदल, उथळ तलाव, नदीचा फुगवटा. या कराराचं मुख्य सूत्र 'सुज्ञ वापर' हे आहे. कुंपण घालून कुलूप लावा, असं तो म्हणत नाही. वापरा, पण जागेचा जीव राहील असं वापरा, असं म्हणतो. हे लक्षात ठेवायला हवं, कारण रामसर म्हटलं की आता शेतकऱ्याचं पाणी बंद होणार, ही भीती गावोगाव पसरते आणि ती निराधार आहे.

हंडा आणि परात

सगळ्या वादाचं मूळ एका घरगुती प्रयोगात दिसतं. एक हंडा घ्या आणि एक परात. दोन्हींत पाणी आहे. हंड्यातून दोन तांबे पाणी काढलं तर पातळी थोडी खाली जाते, बाकी काही बदलत नाही. परातीतून तेच दोन तांबे काढले तर पाण्याची कड चारी बाजूंनी आत सरकते आणि अर्धी परात उघडी पडते.

मोठं धरण म्हणजे हंडा. नांदूर मध्यमेश्वरसारखा गाळाने उथळ झालेला जलाशय म्हणजे परात. काठाचा उतार दोनशेला एक इतका मंद असेल, तर पाणी फूटभर उतरताच काठ दोनशे फूट मागे जातो. फूटभर चढलं तर तितकाच पुढे येतो.

हे पक्ष्याच्या बाजूने बघा. शेकाट्याचे पाय जेमतेम वीतभर. तो पायांनी पाणी मोजतो. वीतभर पाण्यात त्याला चिखलातले किडे टिपता येतात, हातभर पाण्यात तो उपाशी राहतो. तलवार बदक शेपटी वर करून डोकं पाण्यात खुपसतं आणि मान पोचेल तिथवरचं खातं. पाणी त्याहून खोल गेलं की त्याच तलावात त्याचं ताट रिकामं. कमळपक्षी तर पानावरच अंडी घालतो. पाणी हळूहळू वाढलं तर पान त्याबरोबर वर येतं, पण एका रात्रीत लोंढा आला तर पान, घरटं, अंडी सगळं जातं. उलट पाणी झपाट्याने उतरलं तर जे घरटं काल बेटावर सुरक्षित होतं, तिथे आज कुत्री चालत पोचतात.

थोडक्यात, पाखरांना 'किती' पाण्यापेक्षा 'किती खोल', 'कधी' आणि 'किती वेगाने' या तीन गोष्टी महत्त्वाच्या. आपला पाण्याचा कायदा मात्र नेमकं 'किती' तेवढंच मोजतो.

पाण्याचा कायदा काय मोजतो

बातम्यांतली दोन मापं एकदा नीट समजून घेऊ. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. पहिलं वेगाचं माप, दुसरं साठ्याचं. 11,574 क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं.

पाणी हा राज्यघटनेनुसार मुख्यतः राज्याचा विषय. महाराष्ट्रात 1976 चा पाटबंधारे कायदा आहे आणि 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. या दुसऱ्या कायद्याच्या कलम 12(6)(क) मध्ये समन्यायी वाटपाची तरतूद आहे: एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी, म्हणजे टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यावी. पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने 2014 मध्ये गोदावरी खोऱ्यासाठी आदेश दिला आणि त्यातून 15 ऑक्टोबर ही तारीख आणि जायकवाडीसाठी 65 टक्क्यांची पातळी चर्चेत आली. जायकवाडी त्याखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. 2023 मध्ये असंच सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यातलं मुळा आणि प्रवरेचं पाणी वेगळ्या वाटेने जातं. नाशिककडच्या गंगापूर आणि दारणा धरणसमूहांचं पाणी मात्र नांदूर मध्यमेश्वरवरूनच जातं.

हे कलम मला मनापासून न्याय्य वाटतं. वरच्या माणसाने नदी आपल्या अंगणात संपवायची नाही, हा विचार त्यात आहे. पण त्याची अंमलबजावणी पाहिलीत तर सगळी भाषा हंड्यांची आहे. वरच्या हंड्यात इतकं, खालच्या हंड्यात इतकं, तेव्हा इतकं ओता. मधल्या परातीचा त्यात उल्लेख नाही. शिवाय ही ओतण्याची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची, म्हणजे हजारो किलोमीटर उडून आलेले पाहुणे नुकते काठावर उतरलेले असतात तेव्हाची. पावसानंतर उघड्या पडू लागलेल्या चिखलावर तेव्हाच पुन्हा लोंढा येऊ शकतो. नंतर रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याची पाणीपाळी, सुरू झालं की पातळी उलट्या दिशेने हलते.

वन्यजीवांचा कायदा काय सांगतो

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 मध्ये एक महत्त्वाची भर पडली. कलम 29 मध्ये लिहिलं गेलं की अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवता, थांबवता किंवा वाढवता येणार नाही. हा परवानाही सहज मिळणारा नाही. असा बदल तिथल्या वन्यजीवांच्या भल्यासाठी गरजेचा आहे, अशी राज्य सरकारची राज्य वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून खात्री व्हावी लागते.

ही भाषा जंगलातल्या ओढ्याला चपखल बसते. पण ज्या अभयारण्याचा कणाच दरवाजे असलेला बंधारा आहे, तिथे अक्षरशः वाचलं तर प्रत्येक आवर्तनाला, प्रत्येक पुराला परवाना लागेल. पूर दारात उभा असताना कुणी फाईल घेऊन बसणार नाही आणि बसूही नये.

मग दोन्हींत मोठा कायदा कोणता? असा सरळ निकाल नाही. पाणी राज्यसूचीत, वन्यजीव 1976 च्या दुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत. अशा वेळी शक्यतो दोन्ही कायदे एकत्र नांदतील असा अर्थ न्यायालयं शोधतात. व्यवहारात हा शोध घ्यायचा असतो जलसंपदा आणि वन या दोन खात्यांनी. एका वाड्याच्या दोन किल्ल्या दोन भावांकडे असाव्यात तशी ही स्थिती. पाण्याची किल्ली एकाकडे, पाखरांची दुसऱ्याकडे, आणि घर एकच.

"पण हे तर माणसाने बांधलेलं. यात निसर्ग कुठला?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याचा ठसा नियमांतही उमटला आहे. रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही पाणथळी येतात. आपल्या केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य असल्यामुळे त्याला वन्यजीव कायद्याचं छत्र आहे. उजनीच्या फुगवट्याला तेही नाही. भिगवण-कुंभारगावला पाणी उतरलं की रोहित पक्ष्यांचे थवे येतात, ते पाहायला राज्यभरातून लोक जातात, नावाडी आणि मच्छीमार कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात. तरी नियमांच्या लेखी ते सिंचनाचं धरण.

दख्खनच्या पठारावर मोठे नैसर्गिक तलाव मुळातच फार कमी. नद्यांच्या काठची ओलसर कुरणं, डबकी, पाणगवताचे पट्टे शेतांखाली आणि वस्त्यांखाली गेले. पाखरांनी मग जिथे तसंच उथळ पाणी मिळालं तिथे बस्तान मांडलं. त्यांना बांधकामाची तारीख कळत नाही. खुद्द राजस्थानातलं भरतपूर, म्हणजे केवलादेव राष्ट्रीय उद्यान, हेसुद्धा संस्थानी काळात बांध घालून, पाणी आणून तयार केलेलं आहे आणि ते जागतिक वारसास्थळ आहे.

"माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे बदकांची काळजी?"

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. ज्या घरात टँकरची वाट पाहिली जाते त्या घरासमोर उभं राहून याचं उत्तर देता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट, पिण्याच्या पाण्याला कुणीच हात लावत नाही. पाण्याच्या धोरणांत पिण्याचा क्रम पहिला आहे. वन्यजीव कायद्यातही 2022 च्या दुरुस्तीने स्थानिकांचा पिण्याचा आणि घरगुती वापर स्पष्टपणे मोकळा ठेवला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाणी पिकाला दिलं की ते संपतं. पाणथळीतून गेलेलं पाणी बहुतांशी पुढे जातंच. जायकवाडीला पोचायचं ते पोचतं, फक्त ते कसं आणि किती वेगाने जातं हा प्रश्न असतो. बाष्पीभवनाने थोडं जातं हे खरं. उथळ, पसरट पाणी जास्त उडतं आणि जलपर्णी माजली तर आणखी. तरी आकड्यांचा अंदाज घ्या. केवलादेवला वर्षाला सुमारे 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं असं मानलं जातं. म्हणजे जवळपास अर्धा टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा 76 टीएमसीहून अधिक आहे.

केवलादेवचीच पुढची गोष्ट इथे उपयोगी आहे. त्याचं पाणी गंभीर नदीतून यायचं. वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. 2004 मध्ये पाऊस कमी असताना वरच्या शेतकऱ्यांच्या विरोधामुळे उद्यानाला पाणी मिळालं नाही आणि तलाव कोरडे पडले. नंतर दुसरीकडून, गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या योजनेतून, पाण्याची तजवीज करावी लागली. करौलीच्या शेतकऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्या शेताला पाणी हवंच होतं. पण उद्यानाचा वाटा आधीच लेखी, ठाम, तारखेसह ठरलेला असता तर दर दुष्काळात तो नव्याने मागायची वेळ आली नसती.

"मग कायम भरलेलं ठेवा, म्हणजे झालं"

नाही झालं. मणिपूरचा लोकटाक तलाव याचा धडा आहे. 1983 मध्ये इथाई बराज बांधून वीजनिर्मितीसाठी तलावाची पातळी वर्षभर उंच धरली गेली. या तलावावर 'फुमदी' नावाचे वनस्पतींचे जाड तरंगते थर आहेत आणि त्यांच्यावर केइबुल लामजाओ उद्यानात संगाई हरणं राहतात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायच्या, मुळांना चिखलातून पोषण मिळायचं, पावसाळ्यात त्या पुन्हा वर यायच्या. पातळी स्थिर झाल्यावर त्यांचं टेकणंच थांबलं. थर पातळ होऊ लागले आणि हरणांच्या पायाखालची जमीनच कमकुवत झाली. पाणी भरपूर होतं, त्याची चढ-उतार गेली होती.

वर्षभराची भाकरी एका दिवशी वाढली तरी माणूस जगत नाही. दर तासाला एकेक घास भरवला तरी तब्येत राहत नाही. जेवण वेळेवर लागतं, पाणथळीलाही तसंच.

आणि गाळ?

सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांशी या विषयावर बोलाल तर ते पाखरांआधी पुराचं सांगतील. ऑगस्ट 2019 मध्ये तिथे पाणी घरांत, बाजारपेठेत शिरलं. बंधाऱ्यात गाळ आहे म्हणून फुगवटा मागे येतो, गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही त्यांची मागणी जुनी आहे. ती मागणी माणसांच्या जिवाची आहे, तिला पर्यावरणविरोधी ठरवणं अन्यायाचं होईल.

पण सगळा गाळ उपसून टाकला तर परातीचा हंडा होईल आणि मग अभयारण्यात फक्त खोल पाणी उरेल. मला दिसणारा मार्ग मधला आहे. नदीचा मुख्य प्रवाह आणि दरवाज्यांसमोरचा भाग मोकळा करा, कारण पूर तिथूनच वाहतो. कडेचे चिखलपट्टे आणि बेटं राहू द्या. काम टप्प्याटप्प्याने करा आणि थंडीचे महिने टाळा. पुराच्या वेळी दरवाजे उघडण्यात वन्यजीवांच्या नावाने क्षणाचाही उशीर नको, हेही त्यात स्वच्छ लिहा. पुरामुळे पाणथळीचं कायमचं नुकसान होत नाही, पूर हा तिच्या वर्षाचाच भाग आहे.

नाशिक शहराच्या खाली हा जलाशय आहे, त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. पोषक घाण आली की जलपर्णी फोफावते, पाणी झाकून टाकते आणि खाली मासे गुदमरतात. रामसरच्या नोंदीतही या वनस्पतीचा धोका म्हणून उल्लेख आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

कागदावर काय उतरायला हवं

नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. आहे त्या दोन कायद्यांना जोडणारा एक कागद लागेल.

2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत म्हटलंय की नदीच्या प्रवाहाचा काही भाग परिसंस्थेसाठी राखावा आणि तो नैसर्गिक चढ-उताराच्या प्रमाणात असावा. यालाच पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. हे बोलायला सोपं, आकड्यात बसवायला कठीण, असं बरेच जण म्हणतात. पण गंगेसाठी ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने ते आकड्यात बसवलंच: हरिद्वारपर्यंतच्या वरच्या गंगेत नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत 25 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के प्रवाह सोडायचा. महिन्यानुसार बदलणारा आकडा. टक्केवारीवर वाद होऊ शकतो, पद्धत मात्र बरोबर आहे.

नांदूर मध्यमेश्वरसाठी टक्केवारीऐवजी पातळी लिहावी लागेल. कोणत्या महिन्यात पाणी कोणत्या दोन खुणांच्या मध्ये राहील, एका दिवसात पातळी जास्तीत जास्त किती बोटं हलवायची, जायकवाडीचं पाणी सोडताना विसर्ग किती पायऱ्यांनी वाढवायचा आणि उतरवायचा. कलम 29 चा परवाना दर वेळी न मागता या वार्षिक आराखड्यालाच एकदा द्यावा, म्हणजे वनखात्याचा शब्दही राहील आणि दरवाज्यावरच्या माणसाचे हातही बांधले जाणार नाहीत. आराखड्याबाहेर काही करायचं असेल तरच नवा परवाना.

आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. लोकप्रतिनिधी, अभियंते, पाणी वापरणारे तिथे बसतात आणि रब्बीला किती पाळ्या द्यायच्या यावर घमासान होतं. अभयारण्य सांभाळणारा अधिकारी त्या टेबलाशी हवा, हातात मागच्या वर्षीच्या रोजच्या पातळीची वही घेऊन. पाळी चार दिवस पुढे सरकवली तर गव्हाला चालतं का, हे शेतकरी सांगेल. चार दिवस मागे आणली तर चिखलावर काय होतं, हे तो अधिकारी सांगेल. बहुतेक वेळा ते चार दिवस सापडतात. बंधाऱ्याच्या भिंतीवर पाणी मोजायची पट्टी असतेच. तिच्यावर पुराची खूण असते, कालव्याच्या तळाची खूण असते. शेकाट्याच्या वीतभर पायांसाठी तिसरी खूण रंगवायला एक ब्रश आणि एक ठराव लागेल.